पोलादी पेनी: टाकसाळीतली चूक आणि बाहेरची इजा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांचा एक शिरस्ता आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. नाणे हातात आले की ते आधी त्याची कड पाहत, मग वजन करत आणि सगळ्यांत शेवटी भिंगाखाली धरून त्यावरची अक्षरे वाचत. त्यांच्या नावाने बोलायचे तर एखाद्या राजवटीवर किंवा खजिन्यावर बोलण्याऐवजी त्यांच्या या तपासणीच्या रीतीवरच बोलावे, असे मी ठरवले. त्यासाठी एकच नाणे निवडले आहे: अमेरिकेची 1943 सालची पोलादी पेनी, म्हणजे एक सेंटचे नाणे.

हेच नाणे का? आपल्याकडे अलीकडे ‘एरर’ नाण्यांचा बाजार जोरात आहे. वाकलेले, घासलेले, आम्लात बुडवलेले नाणे टाकसाळीची दुर्मीळ चूक म्हणून पुढे केले जाते. नवा संग्राहक, मग तो शाळकरी मुलगा असो की नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ, विश्वासाने पैसे मोजतो. खरी चूक आणि नंतरची इजा यांतला फरक शिकायचा असेल, तर पोलादी पेनीइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. ती स्वस्त आहे, भरपूर आहे आणि मुख्य म्हणजे ती दोन धातूंची आहे: आत पोलाद, वर जस्ताचा पातळ थर. काय आधी घडले आणि काय नंतर, याची साक्ष हा थर देतो. एकाच धातूच्या नाण्यात अशी साक्ष मिळणे कठीण असते.

आधी तिचा जन्म कसा झाला ते सांगतो. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि तांबे ही युद्धसामग्री झाली. काडतुसांना तांबे हवे, तारांना हवे, जहाजांनाही हवे. आणि पेनी तर 95 टक्के तांब्याची. 1942 मध्ये पर्यायांचा शोध सुरू झाला. प्लॅस्टिकच्या आणि काचेच्यासुद्धा चकत्या पाडून पाहिल्या गेल्या. अखेर त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसने धातू बदलायला कायद्याने परवानगी दिली. 1943 मध्ये फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टाकसाळींत जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेनी पडू लागल्या. फिलाडेल्फियात 68 कोटी 46 लाखांहून अधिक, डेन्व्हरला 21 कोटी 76 लाखांहून अधिक आणि सॅन फ्रान्सिस्कोला 19 कोटी 15 लाखांहून अधिक. सगळ्या मिळून एकशे नऊ कोटींच्या वर. त्याच वर्षी, तांबे वाचवण्याच्या त्याच निकडीतून, आपल्याकडे मधे भोक असलेला पैसा निघाला आणि तो मुंबईच्या टाकसाळीतही पडला. आपल्या घरांतल्या जुन्या डब्यांत तो अजून सापडतो.

अमेरिकेत मात्र पोलादी पेनी कोणाला आवडली नाही. नवी असताना ती चांदीच्या डाइमसारखी, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यासारखी दिसे आणि गिऱ्हाइकाची व दुकानदाराची फसगत होई. खोटी लोखंडी नाणी अडवण्यासाठी विक्रीयंत्रांत लोहचुंबक बसवलेले असत, ते या खऱ्या नाण्यालाच अडवू लागले. शिवाय ती गंजू लागली. 1944 पासून पेनी पुन्हा तांबे-जस्ताची झाली, आणि युद्धानंतर सरकारने पोलादी नाणी चलनातून हळूहळू काढून घेतली.

आता टाकसाळीच्या आत जाऊ. माझे सगळे म्हणणे या एका भागावर उभे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

पोलादाच्या लांब पट्टीला दोन्ही बाजूंनी आधी जस्ताचा मुलामा दिलेला असे. मग त्या पट्टीतून गोल चकत्या छाटल्या जात. हा क्रम लक्षात ठेवा: मुलामा आधी, छाटणी नंतर. छाटलेली चकती मग काठ उचलणाऱ्या यंत्रातून जाई. तिथे तिला सगळीकडून दाबून परिघावर किंचित उंच काठ आणला जाई. त्यानंतर छापखाना. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती कॉलर, म्हणजे पोलादी कडे. या कड्यात चकती बसते, वरचा ठसा आदळतो, धातू ठशाच्या खोलगट भागात शिरतो आणि बाहेर पसरू पाहणाऱ्या धातूला कॉलर अडवते. एका आघातात दोन्ही बाजू आणि कड तयार होते. तयार नाण्याचा व्यास 19.05 मिलिमीटर आणि वजन सुमारे 2.7 ग्रॅम. वर्षाच्या सुरुवातीची नाणी किंचित हलकी आहेत, कारण मधे प्रमाणित वजन 41.5 ग्रेनवरून 42.5 ग्रेनवर नेले गेले.

नाण्याची चूक घडायला एवढ्याच जागा आहेत: पट्टी, छाटणी, काठ उचलणे, ठसा घडवणे आणि आघात. ठसा उचलला गेला आणि नाणे खालच्या पेटीत पडले, की टाकसाळीतल्या चुकीचा काळ संपला. त्यानंतर त्याला जे काही होते ती इजा. मग ती टाकसाळीच्याच मोजणीयंत्रात झालेली असो, खिशात असो की कोणाच्या तळघरातल्या हातोड्याखाली असो. म्हणून नाण्यावर काही विचित्र दिसले की मी एकच प्रश्न विचारतो: या पाचांपैकी कोणत्या टप्प्यावर हे होऊ शकते? टप्पा सांगता आला नाही, तर ते नाणे माझ्या लेखी इजा झालेलेच. नाणे किती विचित्र दिसते याला महत्त्व नाही. रेल्वेच्या रुळावर ठेवलेली पेनी कोणत्याही खऱ्या चुकीपेक्षा विचित्र दिसते.

कडेपासून सुरुवात करू. मुलामा छाटणीच्या आधीचा असल्यामुळे अस्सल पोलादी पेनीची कड उघड्या पोलादाची असते. जस्त थोडेफार कडेवर ओढले गेलेले दिसेल, पण मधला पट्टा करडा पोलादीच. या नाण्याचे दुखणेही तिथेच आहे. जस्त लोखंडाला वाचवते ते स्वतः झिजून. पण घामाचा ओलावा उघड्या कडेला लागत राहिला की जस्त संपत जाते आणि गंज आत शिरतो. म्हणून चलनात फिरलेल्या पेनींत काठाजवळ तपकिरी डाग आणि पृष्ठभागावर पांढरट भुकटी दिसते. ही भुकटी म्हणजे खाल्ले गेलेले जस्त.

याच कडेवरून पुनर्मुलामा ओळखता येतो. अमेरिकेत काही विक्रेत्यांनी काळवंडलेल्या पोलादी पेनी धुऊन, उरलेले जस्त काढून, त्यांना नव्याने जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा दिला आणि तिन्ही टाकसाळींचे चकचकीत संच विकले. अशी नाणी भारतातही येतात. परदेशातून आलेल्या भावाने किंवा मुलीने मोठ्या कौतुकाने आणलेली असतात. ती घातक नाहीत, संग्रहात ठेवायला हरकतही नाही. पण ती नवीकोरी नव्हेत, आणि त्यांच्या झळाळीला टाकसाळीची झळाळी म्हणणे चूक आहे. त्यांच्या कडेवरही नवे जस्त चढलेले असते. भिंगाखाली पाहिले तर जुने ओरखडे आणि गंजाचे खळगे नव्या थराखाली मऊ झालेले दिसतात. टाकसाळीतून आलेल्या नाण्यावर प्रकाश फिरवला की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, कारण आघाताच्या वेळी धातू मध्यापासून काठाकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा उरतात. पुनर्मुलाम्याखाली या रेषा बुडालेल्या असतात, त्यामुळे उजेड सगळीकडून सारखाच परततो.

ठशाची चूक आणि नाण्याची इजा यांत एक मोठा फरक उंच-खोलाचा आहे. ठसा म्हणजे नाण्याची उलटी प्रत. ठशाला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेष उठते. ठशावर कोणी ओरखडा मारला तरी नाण्यावर उंचच रेष. ठशाच्या कडेचा तुकडा निघून गेला तर नाण्याच्या काठाशी एक ओबडधोबड उंच गोळा राहतो. आणि नाण्यावर कोणी ओरखडा मारला तर? तिथे रेष खोल जाते. पोलादी पेनीत अशा खोल रेषेत जस्त फाटलेले दिसते, तळाशी पोलाद किंवा गंज दिसतो आणि रेषेच्या बाजूला ढकललेल्या धातूची बारीक वरंबी उठलेली असते. बोटाने नाही कळत, पण दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, उजेड तिरका धरला तर लगेच कळते.

याला एक अपवाद आहे. ठसा आणि चकती यांच्यामध्ये तार, दोरा किंवा ग्रीस आले तर त्याचीही खोलगट खूण उमटते, आणि ती खरी चूक असते. पण तिथे जस्त फाटलेले नसते. खोलगटाच्या तळापर्यंत ते अखंड उतरलेले असते, आणि बाजूला ढकललेला धातू नसतो. आघाताच्या वेळचा धातू कॉलरच्या आत कोंडलेला असल्यामुळे त्याला वरंबी करायला जागाच मिळत नाही.

ग्रीसबद्दल थोडे अधिक. 1943 च्या पेनीत सालातला 4 फिका किंवा जवळजवळ नाहीसा झालेला अनेकदा दिसतो. ठशाच्या खोलगटात ग्रीस आणि धातूचा कीस साचला की धातूला तिथे शिरता येत नाही. ही खरी टाकसाळी चूक आहे, पण ती इतकी सर्रास आहे की तिला फारशी किंमत नाही. हाच 4 कोणी कानशीने घासून नाहीसा केला, तर त्या जागी एकाच दिशेने जाणाऱ्या रेघा असतात आणि आजूबाजूची जमीनही खाली गेलेली असते. ग्रीसमुळे फिका झालेल्या अंकाजवळची जमीन मात्र सपाट आणि झळाळती राहते. पोलाद तांब्यापेक्षा कठीण. त्यामुळे ठसे लवकर झिजले, आणि झिजलेल्या ठशांनी पडलेली बोथट अक्षरेही पुष्कळ सापडतात. बोथट अक्षर पाहून चूक सापडली असे समजू नये.

आता ज्यावरून सगळ्यांत जास्त वाद होतात त्या दुहेरी छापाकडे येतो. त्या काळी ठसा घडवताना हबचा, म्हणजे उठावाच्या मूळ साच्याचा, दाब एकापेक्षा अधिक वेळा द्यावा लागे. दोन दाबांमध्ये ठसा तापवून मऊ केला जाई. दुसऱ्या दाबाला हब किंचित सरकला तर ठशातच अक्षरे दुहेरी बसत. मग त्या ठशाने पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरे, त्याच जागी, त्याच अंतराने येत. अमेरिकेची 1955 ची दुहेरी ठशाची पेनी यामुळेच प्रसिद्ध झाली. अशा अक्षरांत दोन्ही प्रतिमा पूर्ण उंचीच्या आणि गोलाईदार असतात, अक्षर रुंद झालेले असते आणि त्याच्या टोकाला दोन प्रतिमांमध्ये एक स्पष्ट खाच दिसते.

याउलट आघातानंतर सैल ठसा किंचित घसरला तर आधीच उठलेल्या अक्षराची बाजू तो चेपत नेतो. अक्षराच्या शेजारी एक सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर अरुंद होते. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. त्याला संग्राहकांत किंमत नाही, आणि नसावी असे माझेही मत आहे. कारण त्यात ठशाबद्दल काहीच कळत नाही, फक्त यंत्र सैल होते एवढेच कळते. पायरी सपाट की अक्षर गोलाईदार, अक्षर अरुंद की रुंद, हे दोन प्रश्न विचारले की अर्धे वाद तिथेच संपतात.

टाकसाळीच्या खुणेची गोष्ट वेगळी आहे. तारखेखालचे डेन्व्हरचे ‘डी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’ हे अक्षर प्रत्येक ठशावर हाताने ठोकले जाई. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसे. एक ठोका वाकडा पडला की कारागीर दुसरा मारी, आणि दोन ‘डी’ एकमेकांवर येत. 1943 च्या डेन्व्हर पेनीत अशी एक ठळक, नावाजलेली जात आहे. ती खरी, कारण तिचा टप्पा ठाऊक आहे. पण तिथे फक्त खूणच दुहेरी असेल. तारीखही तितकीच सरकलेली दिसली तर कारण वेगळे शोधावे लागेल, कारण तारीख हबबरोबर येते, हाताच्या ठोक्याने नाही.

छाटणीतली चूक ओळखायला त्यामानाने सोपी आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि छाटणी आधीच्या भोकावर पडली की चकतीचा चंद्राकार तुकडा कमी राहतो. मग काठ उचलणाऱ्या यंत्रात एक गंमतशीर परिणाम होतो. जिथे तुकडा नाही तिथे यंत्राला दाब देता येत नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही काठ नीट उठत नाही. नाणेशास्त्रात याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. छाटलेल्या बाजूजवळची अक्षरे त्या रिकाम्या जागेकडे ओढली जाऊन फिकी होत जातात, कारण धातूला तिकडे वाहायला वाट मिळालेली असते. पक्कडीने तोडून कानस फिरवलेल्या नाण्यात अक्षर तोडलेल्या रेषेपर्यंत ठसठशीत असते आणि मधेच संपते, समोरचा काठही शाबूत असतो. हा परिणाम प्रत्येक अस्सल तुकड्यात दिसेलच असे नाही. पण तो दिसला तर तो पुरावा भक्कम, कारण घरी बसून तो बनवणे जवळजवळ अशक्य आहे.

व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, दोन नाणी दाबून केलेली फसवणूक अशी सहज कळत नाही, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. एका नाण्याचा उठाव दुसऱ्यावर दाबला की खोलगट आणि उलटी प्रतिमा उमटते. ‘लिबर्टी’ हा शब्द आरशात पाहिल्यासारखा वाचता येतो. विक्रेता सांगतो, हे ब्रोकेज आहे. ब्रोकेज ही खरी, मोठी चूक आहे: आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर तेच नाणे ठसा म्हणून आदळते. त्यातही प्रतिमा खोलगट आणि उलटीच असते. मग फरक कुठे? ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ प्रतिमा नसतेच. ठसा झाकला गेलेला असल्यामुळे ती बाजू कधी नीट छापलीच गेलेली नाही. व्हाइसच्या नाण्यात पेनीवरची लिंकनची मूळ प्रतिमा असतेच, त्याचा गाल किंवा खांदा चेपलेला असतो आणि त्या चेपलेल्या जागेवर उलटी अक्षरे बसलेली असतात. उठाव सगळ्यांत उंच असतो तिथे चेप सगळ्यांत जास्त. दुसरी बाजूही तिथेच सपाट झालेली दिसते. शिवाय पोलादी पेनीत तिथले जस्त ताणून चिरलेले असते. दुसऱ्यांदा ठशाखाली गेलेल्या खऱ्या दुहेरी आघाताच्या नाण्यात दुसरी प्रतिमाही उंच आणि सुलटीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

मुलाम्याशिवाय पडलेली पेनी ही आणखी एक खरी चूक. काही चकत्या अशा पट्टीतून आल्या की जस्त चढलेच नव्हते. अशी पेनी गडद करडी दिसते, पण तिची अक्षरे तीक्ष्ण असतात आणि त्या वाहत्या धातूच्या रेषा थेट पोलादावर असतात. हीच पेनी घरी ‘तयार’ करायला फार सोपी, कारण जस्त आम्लात चटकन विरघळते. आम्लाने पोलादही थोडे खाल्लेले असते. पृष्ठभाग दाणेदार, निस्तेज होतो आणि रेषा पुसल्या जातात. या एका प्रकारात मी स्वतःच्या डोळ्यांवर कोणी फार विसंबू नये असे म्हणेन. नाणे प्रमाणपत्र देणाऱ्या चांगल्या संस्थेकडे पाठवावे आणि निकाल येईपर्यंत जास्तीचे पैसे देऊ नयेत. जस्ताचे फोड आणि सोलपटलेले पापुद्रे यांबद्दल माझे मत त्याहून कडक आहे. खाली गंजाची पूड असेल तर ती झीज समजावी. नसेल तरीही त्याला किंमत देण्याचे कारण मला दिसत नाही.

आता ज्या नाण्यामुळे पोलादी पेनी जगभर गाजली, ती 1943 ची तांब्याची पेनी. 1942 च्या शेवटच्या चकत्या मोठ्या पेट्यांच्या खाचाखोचांत अडकून राहिल्या आणि 1943 मध्ये पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या, असे त्याचे सर्वसाधारणपणे मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. तिन्ही टाकसाळींची मिळून अशी काही मोजकीच नाणी ज्ञात आहेत. डेन्व्हरचे तर एकच. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावात 1947 मध्ये एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत असे एक नाणे मिळाले. हेन्री फोर्ड अशा नाण्याच्या बदल्यात मोटार देतो, अशी अफवा तेव्हा पसरली होती. ती खोटी निघाली. सरकारी खात्याने उत्तर दिले की 1943 च्या सगळ्या पेनी पोलादीच आहेत. मुलाने नाणे तसेच जपून ठेवले आणि ते जन्मभर त्याच्याकडे राहिले. जानेवारी 2019 मध्ये ते 2,04,000 डॉलरला विकले गेले.

सरकारी उत्तर चुकीचे होते आणि नाणे खरे होते. ज्या काळात कागद ‘असे नाणे नाही’ म्हणत होता, त्या काळातही चकती, तिचे 3.11 ग्रॅम वजन आणि तिची वाट यांवरून ते सिद्ध करता येत होते. म्हणूनच मी टप्प्याच्या प्रश्नाचा इतका आग्रह धरतो. उलट बाजूने पाहा: पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देऊन विकणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. अशा पेनीला लोहचुंबक लावला की ती चिकटते. 1948 च्या 8 चा डावा भाग कोरून 3 केलेली नाणी चुंबकाला चिकटत नाहीत आणि वजनातही बरोबर उतरतात. मग तारीख पाहावी. 1943 च्या खऱ्या 3 चे शेपूट लांब असते आणि इतर अंकांच्या रेषेच्या खाली उतरते. 1948 च्या 8 मधून तसे शेपूट कोरता येत नाही. या प्रकारात तिन्ही तपासण्या लागतात, एकट्या चुंबकावर थांबू नये.

1944 मध्ये याचे उलटे झाले. मागे राहिलेल्या पोलादी चकत्यांवर 1944 चा ठसा पडला आणि काही पोलादी पेनी जन्मल्या. त्याही दुर्मीळ आणि खऱ्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने जर्मनांच्या ताब्यातून सुटलेल्या बेल्जियमसाठी दोन फ्रँकची 2 कोटी 50 लाख नाणी पाडली. ती पेनीच्या उरलेल्या पोलादी चकत्यांवरच पाडली होती, त्यामुळे व्यास आणि वजन पेनीचेच. अमेरिकन टाकसाळीत त्या वर्षी अशा चकत्या होत्या याचा हा सरळ पुरावा आहे, आणि 1944 च्या पोलादी पेनीची बाजू त्याने भक्कम होते.

आपल्या हाताशी येणाऱ्या नाण्यांना हे सगळे लागू पडते का, असा प्रश्न इथे बसलेल्या अनेकांच्या मनात असेल. बरेचसे पडते. 1988 पासून आपल्याकडे स्टेनलेस स्टीलची दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी आली, 1992 मध्ये रुपयाही आला. त्यांना मुलामा नाही, म्हणून जस्ताची साक्ष तिथे नाही. पण उंच-खोलाचा नियम, सपाट पायरीचा नियम, छाटलेल्या चकतीच्या समोरचा फिका काठ आणि उलट्या अक्षरांचा प्रश्न हे सगळे तसेच्या तसे चालतात, कारण ठसा, चकती आणि कॉलर जगभर एकाच रीतीने काम करतात. भोकाच्या पैशातले सरकलेले भोक तपासतानाही आधी विचारावे: भोक कोणत्या टप्प्यावर पाडले, आणि काठाचा उठाव त्याच्याशी जुळतो का?

पोलादी पेनी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एक काळजी घ्यावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत त्या फार लवकर गंजतात. त्यांना पॉलिश, लिंबू किंवा सोडा लावू नये, उघड्या बोटांनी धरू नये, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून पावसाळ्यात ती बदलत राहावी. पांढरी भुकटी दिसली तर ती खरवडून काढू नये, कारण तिच्याबरोबर उरलेले जस्तही जाते.

शेवटी, नाणी जमवणाऱ्या आपल्या मंडळांना माझी एक विनंती आहे. शिकण्यासाठीचा एक ट्रे प्रत्येक मंडळाने तयार करावा. त्यात एक बरी पोलादी पेनी, एक पुनर्मुलाम्याची, एक गंजलेली, एक व्हाइसमध्ये दाबलेली, एक कानस फिरवलेली आणि मिळाल्यास एक अस्सल छाटणीची, प्रत्येकीखाली कारण लिहून ठेवावे. बाजूला दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक लोहचुंबक आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. अस्सल छाटणीची पेनी सोडली तर हा सगळा खर्च एका चांगल्या पुस्तकाहून फार नसेल. जो नवा सभासद पहिले ‘एरर’ नाणे विकत घ्यायला निघेल, त्याला आधी या ट्रेपाशी बसवावे आणि ते नाणे तिथेच, त्या सहा पेनींच्या शेजारी ठेवून तपासायला सांगावे.